हे तू एकट्याने उचलायचं, असं कुणी सांगितलं तुला?

प्रिय भावा,

सलाम.

रात्री अडीचला टाकलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. फोन लावणार होतो पण नाही लावला, कारण फोनवर तू परत "ठीक आहे रे, प्रभू चालवतोय" म्हणला असतास, मीपण "हो हो, प्रार्थनेत आहोत" म्हणून ठेवून दिला असता आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून हे लांबलचक पत्र. वहिनी आत मशीनवर असतात तेव्हा चार तास तू बाहेर बाकड्यावर नुसता बसलेला असतोस ना, तेव्हा वाच.

तू लिहिलंस की प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत, नुसता राग येतो, आणि मग वाटतं की आपलाच विश्वास कमी पडला म्हणून हिच्या किडन्या गेल्या का. वर टेम्पोचे हप्ते थकलेत, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसमध्ये जातात म्हणून गाडी दारात उभी, फायनान्सवाले सकाळी आठपासून फोन करतात, पोरीच्या दहावीची फी भरायचीये, आणि त्यात चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी घरी येऊन म्हणून गेलं की "घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का बघा." खरं सांगू, हे वाचून माझं डोकं फिरलं. नाव तू लिहिलं नाहीस ते बरंच केलंस.

योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, हाच प्रश्न आहे की रे. जन्मापासून आंधळा माणूस समोर आहे आणि शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशू सरळ म्हणतो, ह्याचंही नाही, ह्याच्या आईबापाचंही नाही. शब्बाथ शाळेत आपण हे शिकलोय, त्या बाईंनी फ्लॅनेलच्या बोर्डावर आंधळ्याचं चित्र चिकटवलेलं असायचं आणि ते सारखं खाली पडायचं, आठवतंय? पण घरात आजार आला की तेच लोक परत शिष्यांचाच प्रश्न विचारत बसतात. वहिनींना बीपी होतं, कित्येक वर्षं, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, आणि बीपीने किडनी आतल्या आत खराब होत जाते, बहुतेकांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. इतकंच आहे ते. पापाचा हिशोब मांडायचाच असेल तर तो मांडणाऱ्याने स्वतःच्या घरापासून सुरू करावा.

दुसरं एक वाक्य तुला सगळ्यांनी ऐकवलं असणार, "देव आपल्या शक्तीपलीकडे परीक्षा घेत नाही." ते वचन आहे, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, 1 करिंथ 10, मान्य. पण मागचा पुढचा भाग वाच ना, तिथं पौल रानातल्या इस्राएली लोकांबद्दल, मूर्तिपूजेबद्दल, मोहाबद्दल बोलतोय, मोहात पडायला लागलास तर देव बाहेर पडायची वाट ठेवतो असं म्हणतोय. डायलिसिस आणि हप्ते आणि रात्रीची झोप नाही ह्या सगळ्याबद्दल ते नाहीये. आणि गंमत म्हणजे त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, तोच पौल स्वतःबद्दल लिहितो की आशियात आमच्यावर असं संकट आलं की आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगायचीसुद्धा आशा सोडली. शक्तीपलीकडे! हे पौलाने लिहिलंय, तू नाही. मग तुला "मला झेपत नाहीये" असं म्हणायला लाज का वाटावी? मला तर वाटतं तू मेसेजमध्ये तेवढं एक वाक्य लिहिलंस ते ह्या सहा महिन्यांतलं तुझं सगळ्यात खरं वाक्य होतं.

आपल्याकडे सभेत साक्ष देतात तीपण मला आजकाल खटकते. आजार आला, प्रार्थना केली, रिपोर्ट नॉर्मल आला, हालेलुया. आजारातनं उठलेलाच पुढे जाऊन माइक धरतो. अजून मधेच अडकलेला माणूस कधी उभा राहून साक्ष देत नाही, आणि त्याला बोलावतही नाहीत. त्यामुळे मागच्या बाकावर बसलेल्या तुझ्यासारख्याला वाटतं की सगळ्यांचं झालं, माझंच होत नाही. पण शास्त्रात मधे अडकलेल्यांचीच गर्दी आहे. स्तोत्र 88 काढ. आख्खं स्तोत्र रडगाणं आहे आणि शेवटी "तरी मी तुझी स्तुती करीन" असंसुद्धा नाही, अंधारातच संपतं. ते कुणी काढून टाकलं नाही, बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून बसलंय. तुला शब्द सुचत नसतील तर ते वाच मोठ्याने, टेम्पोच्या केबिनमध्ये काचा लावून वाच, देवाला राग चालतो.

आता ते यूट्यूबवरचं. तू लिंक पाठवली होतीस, तो माणूस स्टेजवरनं ओरडतोय की गोळ्या फेकून द्या, विश्वासाने बरे झालात. वहिनींच्या भावाला ते पटायला लागलंय म्हणतोस. भावा, हात जोडून सांगतो, एकही डायलिसिस चुकवू देऊ नको, तो किती का मोठा सेवक असेना. डायलिसिस चुकून पोटॅशियम खूप वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, तिथं दुसरा चान्स नसतो. आणि औषध घेणं म्हणजे अविश्वास असेल तर यशया संदेष्ट्याला काय म्हणायचं, हिज्कीया राजा मरायला टेकला होता, देवाने आयुष्य वाढवून देतो असं सांगितलं तरी यशयाने गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली. लूक वैद्यच होता. आणि ज्या पौलाच्या हातून इतकी माणसं बरी झाली त्यानेच तीमथ्याला लिहिलंय की सोबतीचा त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बरा नाही झाला तो. पौलाने त्याला विश्वास कमी पडला असं काही लिहिलेलं नाही, ठेवून आलो एवढंच लिहिलंय.

मागच्या वेळी आलो तेव्हाचं एक डोक्यातनं जात नाही. तू ओट्यापाशी बटाट्याच्या फोडी गरम पाण्यातनं काढून ते पाणी ओतून देत होतास, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून, आणि वहिनी पलंगावर बसून बर्फाचा एक खडा तोंडात घोळवत होत्या कारण दिवसाचं पाणी मोजून ठेवलेलं. त्यांनी मला हात पुढे केला, म्हणाल्या, "भाऊजी, फिस्टुला बघा, इथं बोट ठेवा." डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली ती नस, मनगटाच्या वर कातडीखाली फुगलेली, बोट ठेवलं तर आत मांजर गुरगुरावं तशी सारखी थरथर. "ही चालू आहे तोवर मी चालू," म्हणल्या आणि हसल्या. तू हसला नाहीस. तू पाठमोरा होतास आणि दुसऱ्यांदा बटाटे धूत होतास. मला तेव्हाच कळलं होतं की आजारी वहिनी आहेत पण खचत तू चाललायस.

म्हणून एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगतो, तुला पाठ आहे तरी. कर्मेलावर अग्नी उतरवलेला माणूस, दुसऱ्याच दिवशी जीव घेऊन रानात पळतो, रतामाच्या झाडाखाली बसतो आणि म्हणतो बास, आता माझा जीव घे. देवाने काय केलं? प्रवचन दिलं का? देवदूत आला, म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खाल्लं, परत झोपला. परत उठवलं, परत खायला दिलं, कारण वाट लांबची आहे म्हणाला. "तू इथं काय करतोस" हा प्रश्न नंतर, होरेबाला पोचल्यावर. आधी झोप आणि भाकरी. तू शेवटचं पोटभर कधी जेवलास आणि सलग कधी झोपलास ते मला सांग, मग आपण तुझ्या विश्वासाबद्दल बोलू.

आणि आता खरं जे लिहायला बसलो ते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकटलं, वरनं खाली सोडलं. तिथं लिहिलंय की येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला मुला म्हणून हाक मारली. बाजेवरच्या माणसाला किती विश्वास होता ते कुणी विचारलंच नाही, कदाचित तो मनातनं शिव्या घालत असेल, मला कशाला आणलंत म्हणून. भावा, सध्या बाजेवर तू आहेस. वहिनी नाही, तू. आणि तू मात्र बाज स्वतःच उचलून छपरावर चढायला बघतोयस. विश्वास ही एकट्याने पास व्हायची परीक्षा आहे असं कुणी आपल्या डोक्यात भरवलं माहीत नाही. तुला प्रार्थना होत नाही ना, नको करू, काही दिवस आम्ही करतो, तू आमच्या विश्वासावर पडून राहा.

पंडिता रमाबाईंचं सगळं चरित्र आपल्याला शाळेत सांगायचे ते विद्वान, समाजसुधारक असं. पण हिशोब लावून बघ. 1874 ला वडील गेले, मग दुष्काळात उपासमारीच्या दिवसांत आई, बहीण, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा कॉलऱ्याने, आणि कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी. चोविशीही पूर्ण नाही. बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडात घेतला आणि त्यानंतरही तिथल्या सिस्टर लोकांशी पत्रातनं भांडत होत्या, हे पटत नाही ते पटत नाही. म्हणजे प्रश्न विचारणारा विश्वासू नसतो हे कुणी तुला सांगितलं तर त्याला केडगावला पाठव (आपल्या नगरचं केडगाव नाही, दौंडजवळचं). दुष्काळातल्या पोरी त्यांनी आणून सांभाळल्या, मुक्ती सदन उभं केलं. बरं, विश्वास ठेवला म्हणून मरण थांबलं का? 1921 मध्ये तीच मुलगी, मनोरमापण गेली, जिच्या हातात सगळं काम द्यायचं होतं तीच. म्हातारी, कानाने ऐकू येत नाही, आणि तरी शास्त्राचं भाषांतर पूर्ण करत होत्या. पुढच्या एप्रिलात त्या गेल्या. मला ह्यात "धीर धर" असं काही सांगायचं नाहीये. एवढंच की त्या एकट्या नव्हत्या. त्या छापखान्यात खिळे जुळवायला दुष्काळातनं आलेल्या बायकाच होत्या. ज्यांना उचललं त्यांनीच पुढे त्यांना उचललं.

असो. आता कामाचं.

महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, तू अजून पैसे भरतोयस हे ऐकून मी कपाळाला हात लावला. योजनेतल्या हॉस्पिटलात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड पिवळं असो की केशरी, आधार आणि रिपोर्ट घेऊन जायचं. सध्याचं सेंटर योजनेत नसेल तर बदलू, लाजायचं काय त्यात. सिव्हिललासुद्धा केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमाचं बघून येतो. किडनी ट्रान्सप्लांटचं डॉक्टरांना स्पष्ट विचार, जवळच्या नात्यातलं कुणी जुळत नसेल तर हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीच्या (दान आलेले अवयव कुणाला द्यायचे ते ठरवणारं केंद्र) यादीत नाव लावून ठेवायचं, नंबर कधी लागेल सांगता येत नाही पण यादीत नाव असलेलं बरं.

टेम्पो उभा ठेवू नको. तरुण संघातला एकजण, लायसन आहे त्याच्याकडे, मंगळवार गुरुवार शनिवार तो चालवेल, डिझेल आणि त्याची मजुरी जाऊन उरेल ते हप्त्याला. फायनान्सवाल्यांकडे मी तुझ्याबरोबर येतो, हप्ता वाढवून मुदत कमी करायची नाही, उलटं, मुदत लांबवून हप्ता कमी करायचा, लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. सावकाराकडे जायचा विचारसुद्धा करू नको, गेलास तर आपलं बोलणं बंद. भगिनी मंडळाला मी सांगितलंय, तुला न विचारता सांगितलं, चिडायचं तर चिड. शनिवारी डबा त्यांचा, मीठ नसलेला वहिनींचा वेगळा आणि तुझा आणि पोरीचा झणझणीत. पोरीच्या फीचं पाळकसाहेबांशी बोललोय, हंगामाच्या सणाला मंडळीत आणलेल्या फळा-पिकांचा लिलाव होतो ना, त्यातले थोडे पैसे असतात अशाच कामाला, ते दान समजू नको, मागच्या वर्षी तूच एका लिंबाला पाचशे रुपये बोली लावून बसला होतास, सगळे हसत होते.

आणि ते पाप शोधणारं माणूस परत आलं तर त्यांना म्हणायचं, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस सात रात्री गप्प जमिनीवर बसले होते, तेवढं जमत असेल तर या, आणि येताना दळण घेऊन या.

रविवारी उपासना सुटली की निघतो, दोनपर्यंत पोचेन. टेम्पोचं आरसी बुक, लोनचं स्टेटमेंट, रेशन कार्ड आणि वहिनींची फाईल एका पिशवीत काढून ठेव. मी शहाळं आणत नाही, माहितीये मला, चालत नाही. तुझ्यासाठी मटण आणतो. आणि शनिवारी रात्री फोन सायलेंटवर टाकून झोप.

तुझाच,
शब्बाथ शाळेतला तुझ्या शेजारचा