तो जुना पेपर आधी वाच

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "एम.टेक.ला येऊन १९८८ सालचे शोधनिबंधांचे पेपर कसले वाचायचे? बाहेर सगळे क्लाउड नाहीतर सर्टिफिकेट विचारतात." फोनवर वाद घातला की तू "बरं, ठेवतो" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहितेय.

सर्टिफिकेट खुशाल कर. पण तिथे एका कंपनीच्या राउटरवर कुठली कमांड द्यायची ते शिकवतात, आणि राउटर बदलला की पुन्हा पाटी कोरी. तुला दिलेल्या व्हॅन जेकबसनच्या पेपरचं तसं नाही; इंटरनेटवर गर्दी झाली की काय करायचं, हे त्यात आहे. त्याची सुरुवातच ऑक्टोबर १९८६ मधल्या एका घोळाने होते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, आणि तेवढ्यात डेटाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला! केबल तुटली नव्हती. मशीनही सगळी चालू होती.

हे मला पहिल्यांदा पटेचना, कारण माझं डोकं टेलिफोन एक्स्चेंजचं. जबलपूरच्या ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून एर्लांगचं सूत्र घोटून घेतलं होतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या या गणितज्ञाने १९१७ मध्ये हिशेब मांडला, की लाइनी इतक्या आणि कॉल इतके असतील तर किती जणांना नकार मिळेल. आमचं जाळं भरलं की ते सरळ नाही म्हणायचं. दिवाळीच्या सकाळी "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत" ऐकून लोक आम्हाला शिव्या घालायचे, पण ज्याचा कॉल लागला त्याचं बोलणं नीट व्हायचं.

इंटरनेट असं कुणाला दारातून परत पाठवत नाही. येईल ते पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, राउटरच्या रांगेत उभं राहतं आणि रांग भरली की पुढचं टाकून दिलं जातं. मिळाल्याची पोच पलीकडून वेळेत आली नाही की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा धाडतो, आणि पहिलं तर पुष्कळदा अजून रांगेतच असतं. गर्दीने उशीर, उशिराने नकला, नकलांनी आणखी गर्दी. लाइन तुडुंब वाहतेय आणि कामाचं जवळपास काहीच पोचत नाही, असा प्रकार.

जेकबसनने राउटरला हातही लावला नाही, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बदल केला तो दोन टोकांच्या मशीनमधल्या टीसीपीत, म्हणजे डेटा पाठवण्याच्या आणि पोच घेण्याच्या नियमांत. एका पॅकेटाने सुरुवात करायची, पोच येत गेली तर प्रत्येक फेरीत दुप्पट. हरवलं तर गर्दी झाली असं धरून वेग पाडायचा आणि मग जपून वाढवायचा. वेग स्थिरावला की एक पॅकेट जाळ्याबाहेर पडल्याशिवाय नवं आत सोडायचं नाही. आणि पॅकेट पुन्हा कधी धाडायचं याचा टायमर लावताना पोच यायला सरासरी किती वेळ लागतो तेवढंच बघायचं नाही, तो किती वरखाली होतो तेही मोजायचं. हा शेवटचा भाग लोक घाईने वाचतात. तू तसं करू नकोस. पॅकेट हरवलंय की नुसतं रखडलंय, याचा अंदाज तिथेच ठरतो.

आता हे नुसतं वाचून सोडू नकोस. हॉस्टेलच्या वायफायवर एक मोठी फाइल अपलोडला लाव आणि शेजारच्या खिडकीत पिंग चालू ठेव, म्हणजे एक पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल. राउटरची रांग फार लांब असेल तर वेळ काही मिलिसेकंदांवरून शेकड्यांत जाईल. त्याच वेळी वायरशार्कने, म्हणजे पॅकेट टिपणाऱ्या प्रोग्रामने, सगळं पकडून ठेव आणि मग विंडो (पोच यायची बाकी असलेला, वाटेतला डेटा) कधी वाढली, कुठे पडली याचा आलेख काढ. लिनक्सवर बहुधा क्युबिक ही वेग ठरवायची नंतरची पद्धत चालत असेल, म्हणजे आलेख जेकबसनच्या करवतीसारखा सरळ दातांचा येणार नाही. का, ते सरांना विचारण्याआधी स्वतः शोध.

आलेखाचा फोटो मलाही पाठव. बाबांना त्यातलं काही कळणार नाही, पण मला बघायचाय. आणि मेसचं जेवण सुधारलं का, तेही कळव.

तुझी,
आई