ढकलपत्रांतील वैद्यकीय भयकथांना मुद्देसूद उत्तर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अवयवचोरी, मांस कुजवणारे जंतू आणि दूषित सुया यांच्या अंगावर काटा आणणाऱ्या कथा सांगणारी ढकलपत्रे, म्हणजे एकाने दुसऱ्याला पुढे ढकललेले संदेश, पंचवीसहून अधिक वर्षे फिरत आहेत. पूर्वी ती ई-मेलने येत, आता मोबाइलवर येतात. मजकुरात फारसा फरक पडलेला नाही. अशा गोष्टींकडे दुर्लक्ष करावे, असे सुशिक्षित मंडळी सांगतात. मला ते पटत नाही. या कथांमध्ये तपासता येण्याजोगे दावे असतात आणि ते एकेक करून तपासून लोकांपुढे मांडणे हे डॉक्टरांचे, विज्ञान शिकवणाऱ्यांचे आणि वृत्तपत्रांचे कर्तव्य आहे, असे मी मानते.

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध पत्र अमेरिकेतले. कामानिमित्त न्यू ऑर्लीन्सला आलेल्या प्रवाशाला कोणी अनोळखी व्यक्ती मद्य पाजते. शुद्धीवर येतो तेव्हा तो हॉटेलमधल्या बर्फाने भरलेल्या टबात मानेपर्यंत बुडालेला असतो आणि त्याच्या किडन्या काढून नेलेल्या असतात. हे पत्र इतके पसरले, की जानेवारी १९९७ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या पोलिसांना जाहीर खुलासा करून असा एकही गुन्हा नोंदला गेला नसल्याचे सांगावे लागले. तिथल्या नॅशनल किडनी फाउंडेशनने तर असे कोणाच्या बाबतीत घडले असेल तर पुढे यावे, असे आवाहन केले. कोणीही आले नाही.

पोलिसांचा खुलासा बाजूला ठेवला, तरी वैद्यकशास्त्रापुढे ही कथा टिकत नाही. किडनी काढण्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, श्वासनलिकेत नळी घालून श्वास चालू ठेवावा लागतो आणि किडनीची रोहिणी, नीला व मूत्रवाहिनी काळजीपूर्वक बांधून कापाव्या लागतात. या कामाला शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व परिचारिकांचे पथक आणि दोन-तीन तास लागतात. बाहेर काढलेली किडनी थंड ठेवली तरी साधारण एक-दीड दिवसच वापरण्याजोगी राहते, म्हणून ती कोणाला बसवायची हे आधीच ठरलेले असावे लागते. त्यासाठी रक्तगट, ऊतक जुळणी आणि दाता व रुग्ण यांच्या रक्ताची एकत्रित चाचणी करावी लागते. मद्यालयात योगायोगाने भेटलेल्या माणसाच्या रक्ताविषयी टोळीला ही माहिती कुठून असणार? शिवाय इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ज्याला मानेपर्यंत बर्फात ठेवले, तो उठून दूरध्वनी करण्याआधीच गारठून दगावण्याची शक्यता अधिक.

अवयवचोरीची अफवा ई-मेलपेक्षा जुनी आहे आणि ती माणसांचे जीव घेऊ शकते. मुलांना पळवून त्यांचे अवयव विकले जातात, या अफवेतून मार्च १९९४ मध्ये ग्वाटेमालातील सॅन क्रिस्टोबाल व्हेरापाझ या गावात जमावाने एका अमेरिकन महिलेला जबर मारहाण केली. आपल्याकडे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुलांचे अवयव काढून विकतात, असे सांगणारे संदेश त्याच काळात देशभर फिरत होते. राईनपाड्यानंतर ढकलपत्रांना निरुपद्रवी करमणूक म्हणण्याचा हक्क आपल्यापैकी कोणालाही उरलेला नाही.

किडन्यांचा बेकायदा व्यापार अस्तित्वात आहे, हे मी नाकारत नाही. २००८ मध्ये गुरगावात उघडकीस आलेल्या प्रकरणात गरीब मजुरांना पैशांचे आणि कामाचे आमिष दाखवले गेले होते. काहींनी बळजबरी झाल्याचेही सांगितले. पण त्या गुन्ह्यालाही शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टर लागलेच. अशा गुन्ह्यांचे बळी कर्जात आणि दारिद्र्यात अडकलेले लोक असतात. बर्फाच्या टबाची कथा त्यांच्यावरून लक्ष उडवून हॉटेलात उतरणाऱ्या सुखवस्तू प्रवाशाकडे नेते, ही मला फार खेदाची बाब वाटते.

याहून मोठे नुकसान अवयवदानाचे होते. आपल्या नातलगाचे अवयव काढण्यासाठी डॉक्टर घाई तर करणार नाहीत ना, ही भीती अशा कथांमुळे अधिक घट्ट होते. प्रत्यक्षात १९९४ च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यूची खात्री चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायची असते आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात असू शकत नाहीत. महाराष्ट्रात हा कायदा १९९५ पासून लागू आहे, तरी ही तरतूद किती घरांना ठाऊक आहे?

दुसरे उदाहरण केळ्यांचे. कोस्टा रिकाहून आलेल्या केळ्यांमुळे मांस कुजवणारा संसर्ग होतो, असे पत्र १९९९ च्या अखेरीपासून अमेरिकेत फिरू लागले. जानेवारी २००० मध्ये तेथील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने ते निराधार असल्याचे जाहीर केले. नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस हा मांस कुजवणारा आजार खरा आणि गंभीर आहे, पण त्याला बहुधा कारणीभूत ठरणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू माणसाकडून माणसाकडे जातात आणि जखमेतून शरीरात शिरतात. केळ्यांतून तो पसरल्याचा कोणताही पुरावा नव्हता. या पत्रातला सर्वांत घातक भाग वेगळाच होता. दवाखाना तासाभराहून दूर असेल तर संसर्गाच्या पुढचे मांस स्वतःच जाळून टाका, असा सल्ला त्यात दिला होता. हे वाचून एखाद्याने खरोखर तसे केले असते तर?

चित्रपटगृहातील खुर्चीत एचआयव्हीबाधित सुई लपवल्याची कथा आपल्या शहरांच्या नावानिशीही फिरली. तिच्याबद्दल इतकेच सांगते, की रुग्णालयात बाधित रक्त असलेली सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता सरासरी ०.३ टक्के असते, आणि ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू केल्यास ती आणखी घटते. अफवा सांगते की सुई टोचली म्हणजे सगळे संपले. औषधाची वेळ निघून जाते ती अशा समजुतीमुळे.

आपल्या आरोग्य पुरवणीत दर आठवड्याला अशा एका संदेशाची तपासणी एखाद्या तज्ज्ञाकडून करून घ्यावी, ही माझी विनंती आहे. त्यात दावा काय, तो का शक्य नाही आणि त्यामागे खरा धोका असेल तर कोणता, हे स्पष्ट असावे. मथळ्यात अफवेचे वाक्य छापू नये, कारण अनेक वाचक मथळाच वाचून पान उलटतात; खरी माहिती मथळ्यातच यावी. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखा गावोगावी आहेत, त्यांच्याकडून या कामी साहाय्य मिळू शकेल. तपासणीसाठी संदेश पाठवण्याचा पत्ता आपण अंकात छापलात, तर माझ्याकडे जमलेले संदेश मी सर्वप्रथम पाठवीन.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका, सांगली