‘नाइस’चा ‘खरा अर्थ’ कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत मोबाइलवर फिरणारा एक संदेश मला तीन निरनिराळ्या परिचितांनी पाठवला. ‘नाइस’ या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ ‘मूर्ख’ आहे, तेव्हा कोणी तुम्हाला ‘नाइस’ म्हटले तर हुरळून जाऊ नका, असा त्याचा आशय आहे. यातील माहिती अर्धी बरोबर आहे, पण ‘खरा अर्थ’ हे दोन शब्द चुकीचे आहेत आणि आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला ते स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून हे पत्र.

‘नाइस’चे मूळ लॅटिनमधील ‘नेस्कियुस’ या शब्दात आहे. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. आपल्या ‘अजाण’ या शब्दाची घडणही अशीच आहे. याच ‘स्कीरे’पासून ‘सायन्स’ हा शब्द आला, त्यामुळे ‘नाइस’ आणि ‘सायन्स’ हे एका घरातले शब्द ठरतात. जुन्या फ्रेंचमधून तो १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’, ‘बावळट’ असाच होता आणि १४०० मध्ये निवर्तलेल्या चॉसर या कवीने तो त्या अर्थाने वापरला आहे. पुढे मात्र हा शब्द एका जागी थांबला नाही. उच्छृंखल, भपकेबाज, लाजाळू, नाजूक, नखरेल, चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म, क्षुल्लक असे एकमेकांशी न जुळणारे अर्थ त्याला पुढच्या तीनचारशे वर्षांत चिकटत गेले, आणि ‘छान’, ‘सुखद’ हा आज घरोघरी माहीत असलेला अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळू लागला. सोळाव्या व सतराव्या शतकांतील कितीतरी वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे अवघड आहे, अशी कबुली ऑक्सफर्डच्या थोर कोशानेही दिली आहे.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हे नाटक शिकवताना माझ्या वर्गात दरवर्षी एकाच जागी अडखळायला होत असे. पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात धर्मगुरू लॉरेन्सला कळते की रोमिओला पाठवलेले पत्र त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. ते घेऊन निघालेल्या दुसऱ्या धर्मगुरूला साथीच्या संशयावरून एका घरात कोंडून ठेवण्यात आले होते. तेव्हा लॉरेन्स कळवळून म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हते. विद्यार्थी हमखास लिहीत, ‘पत्र चांगले नव्हते’. वास्तविक तो सांगतो आहे की ते पत्र क्षुल्लक नव्हते, त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. ज्युलिएट मेलेली नाही, तिने केवळ गुंगीचे औषध घेतले आहे, हेच त्या पत्रात होते. एका विशेषणाचा अर्थ चुकला की त्या प्रसंगातील सारी भीती नाहीशी होते. याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात ज्युलिएटचा नातलग टिबॉल्ट याला समजावताना रोमिओने भांडण किती ‘नाइस’ आहे याचा विचार करायला सांगितले, असे रोमिओचा मित्र बेन्व्होलिओ सांगतो. तेथेही अर्थ ‘किरकोळ’ असाच आहे. ‘छान’ घालून वाक्य लागत नाही आणि ‘मूर्ख’ घालूनही ते नीट लागत नाही. मोबाइलवरचा तो संदेश वाचून शेक्सपिअरकडे वळलेला विद्यार्थीही फसणारच.

‘मूळ अर्थ’ म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, तो बहुधा आपल्याला आवडणारा एखादा मधला अर्थ असतो. जेन ऑस्टिन यांच्या निधनानंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नी नावाचा तरुण नायिकेच्या तोंडी आलेल्या ‘नाइस’वरून तिला चिडवतो. मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यांसाठी होता आणि आता मात्र कोणत्याही गोष्टीची कोणतीही स्तुती त्या एका शब्दात कोंबली जाते, असे त्याचे म्हणणे. शब्दाच्या सैल वापराबद्दलची त्याची तक्रार मला रास्त वाटते. पण त्याचे ‘मुळात’ हे फार तर त्याच्या काळाच्या दोनतीन शतके आधीचे आहे. त्याच्याही आधी ‘मूर्ख’ होताच. (‘सिली’ या शब्दाने नेमका उलटा प्रवास केला. जुन्या इंग्रजीत तो ‘सुखी’, ‘धन्य’ अशा अर्थाचा होता, आणि निष्पाप, बापुडा, दुबळा अशा पायऱ्या उतरत तो ‘खुळा’पर्यंत आला.)

आपल्या भाषेत ही चूक आपण करत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘राग’ हा संस्कृतात रंग, आसक्ती, प्रेम यांचा वाचक आहे. ‘अनुराग’ या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे आणि गवयाचा राग त्याच शब्दाचा आहे. तरीही ‘मला राग आला’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला ‘तुम्हाला खरे तर प्रेम वाटले’ असे कोणी ऐकवत नाही. ‘शिक्षा’ म्हणजे मुळात शिक्षण, म्हणून न्यायालयाने आरोपीला शिकवले असेही कोणी म्हणत नाही. मग इंग्रजी शब्दाच्या बाबतीतच सर्वांत जुना अर्थ तेवढा खरा, असे आपण का मानावे? माझ्या मते शब्दाचा प्रत्येक अर्थ त्या त्या काळी खराच असतो. वाचकाने पाहायचे ते एवढेच की समोरचे वाक्य कोणत्या काळी लिहिले गेले.

हे भान मराठी अभ्यासकालाही हवे आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. तो आजही आपण रोज उघडतो, परंतु त्यातील इंग्रजी हे त्या काळचे आहे आणि त्या इंग्रजीत ‘नाइस’चा ‘चोखंदळ’, ‘सूक्ष्म’ हा अर्थ पुरेपूर वावरत होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रे मराठीत आणणाऱ्यांनाही हीच सावधगिरी बाळगावी लागते.

ऑक्सफर्डच्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्रत्येक अर्थाखाली सालासह उताऱ्यांचे दाखले दिलेले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून सुरू असलेला संस्कृत महाकोशही याच ऐतिहासिक तत्त्वावर रचला जात आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दांच्या गमतीजमती सांगणारा मजकूर अधूनमधून येतो आणि मी तो आवडीने वाचतो. त्यात एखादा अर्थ देताना तो कोणत्या शतकात प्रचलित होता हेही छापावे, आणि जमेल तेथे त्या काळच्या लेखनातील एक वाक्य दाखला म्हणून द्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा