वाळूसाठी सोडलेलं पाणी

फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना

ती. आप्पांना साष्टांग नमस्कार,

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडच्या धरणाचं आवर्तन, म्हणजे पाणी कधी आणि किती सोडायचं, ते ठरतं कसं?" आणि मी तोंड उघडायच्या आत रेंज गेली. म्हणून हे पत्र. यात तुम्हाला मला मध्येच तोडताही येणार नाही.

परवा कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणावर जाऊन आले. लाल खडकाच्या अरुंद घळीत पाचर ठोकावी तसं बसलेलं ७१० फूट उंच कमानी धरण. १९६३ साली पाणी अडवलं, आणि मागचा लेक पॉवेल पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० उजाडलं. तुमचा सगळा जन्म एका पावसाळ्यात धरण भरतं की नाही ते बघण्यात गेला!

इथे पाऊस नाही, बर्फ मोजतात. रॉकी पर्वतात हिवाळाभर साचलेलं बर्फ एप्रिल ते जुलैमध्ये वितळून येतं. पाण्याचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २००७च्या नियमांप्रमाणे ऑगस्टमध्येच येत्या १ जानेवारीच्या पातळीचा अंदाज बांधतात आणि त्यावरून वर्षाचा कोटा ठरतो. बरीच वर्षं हा कोटा ८२ लाख ३० हजार एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट) होता, म्हणजे तुमच्या हिशेबात साधारण ३५८ टीएमसी, अर्थात ३५८ अब्ज घनफूट. २०२२ साली तलाव इतका खाली गेला की ३०५ टीएमसीवर हात आखडावा लागला. महिन्यांचे वाटे मात्र पिकं बघून पाडत नाहीत, कारण शेतीचं पाणी पुढे खालच्या हूव्हर धरणातून सुटतं. इथे विजेची मागणी बघतात, म्हणून डिसेंबर-जानेवारी आणि जुलै-ऑगस्ट भारी. दर महिन्याला पुढच्या चोवीस महिन्यांचा हिशेब नव्याने मांडतात.

तरी बर्फ फसवतं. १९८३ साली वसंतात उशिरा बर्फ पडलं आणि मग एकदम वितळलं. तलाव आधीच भरलेला. सांडव्याच्या बोगद्यांतून इतक्या वेगाने पाणी गेलं की त्यात बुडबुडे होऊन फुटायला लागले आणि त्यांनी काँक्रीट कुरतडून खालच्या खडकात भलामोठा खड्डा पाडला. सांडवा कमी वापरता यावा म्हणून दरवाज्यांवर चक्क प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या. ७१० फुटी धरण आणि वर प्लायवूड! तुम्ही पाटाच्या भगदाडात पोती कोंबायचात, त्याचीच ही थोरली बहीण.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. इथे कधीकधी वाळूसाठी पाणी सोडतात. "कोणाच्या शेताला?" असं तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते: कोणाच्याच नाही.

पूर्वी ही नदी गढूळ, तांबडी असायची. आता सगळा गाळ तलावात बसतो आणि धरणाखाली हिरवं, नितळ, गारठलेलं पाणी निघतं. असं उपाशी पाणी ग्रँड कॅन्यनमधले वाळूचे काठ खात सुटतं. खाली पंधरा-सोळा मैलांवर परिया नावाची लहान नदी मिळते. उन्हाळ्याच्या शेवटी गडगडाटी पावसात ती वाळू आणून पात्रात टाकते. ती वाहून जायच्या आत धरणातून मुद्दाम मोठा लोंढा सोडायचा, म्हणजे तळाची वाळू उचलली जाते आणि काठाच्या भोवऱ्यांत वर बसते. पहिला प्रयोग १९९६ साली झाला, ४५,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, सात दिवस. वर्षाची सरासरी अकरा-साडेअकरा हजारांची, त्यावरून अंदाज करा. पुढे बहुतेक वेळा नोव्हेंबरमध्ये सोडलं, आणि २०२३ साली एप्रिलमध्ये ७२ तास.

गंमत म्हणजे वर्षाचा कोटा तोच राहतो. लोंढ्याचं पाणी दुसऱ्या महिन्यांतून कापतात. टर्बाइनमध्ये न मावणारं पाणी बाजूच्या चार नळांतून जातं, त्याची वीज होत नाही, म्हणून वीजवाले कुरकुरतात. शिवाय २०२३च्या लोंढ्यानंतर त्या नळांना आतून खड्डे पडलेले सापडले. म्हणजे वाळू वाचवायची तर वीज जाते आणि नळही झिजतात. मला विचाराल तर तरीही सोडावं. पण वीजबिल भरणारा माझ्याशी भांडेल, आणि त्याचंही अगदीच चूक म्हणता येणार नाही.

तुमच्या आवर्तनाच्या जुन्या वह्या आई रद्दीत काढायच्या म्हणत होती. त्या ठेवा. डिसेंबरात येते तेव्हा मला बघायच्या आहेत, विशेषतः तुम्ही समासात लाल शाईने काय काय खरडायचात ते.

आईला नमस्कार.

तुमची,
मीरा