मनू, पेनाबद्दल विचारलं होतंस

सातारा, बुधवार

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालीस, "आप्पा, रोजच्या नोट्ससाठी तीन शाईपेनं बघून ठेवलीत, कुठलं घेऊ?" मी म्हणालो, लिहून कळवतो. तुझी आई हसली. एका पेनासाठी पत्र? पण पेनाचं फोनवर सांगता येत नाही. शिवाय सोमवारी प्रसाद दिल्लीहून आला. चकल्यांचा डबा पोचवला, खोली बरी आहे, मेसचं जेवण चालण्यासारखं आहे, असं सगळं सांगून झालं आणि चप्पल घालता घालता म्हणाला, मनूताईच्या मनगटाला पट्टा होता. तुला विचारलं तर म्हणालीस, "काही नाही, जरा लचकलंय." ठीक आहे. त्याबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही. पेनाचंच लिहितो.

आधी बॉलपेनचं. त्यातली शाई घट्ट असते. टोकाची गोळी फिरल्याशिवाय ती बाहेर येत नाही आणि दाब दिल्याशिवाय गोळी फिरत नाही. चावडीत पावतीपुस्तकाला कार्बन घालायचा असे तेव्हा बॉलपेनला पर्याय नव्हता, कारण तिथे दाबच हवा होता. संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी ठणकायला लागायचं. फेरफार मात्र मी कायम शाईनेच लिहिले. शाईपेनात पातळ शाई निबच्या चिरेतून आपोआप उतरते, कागदाला टेकलं की झालं. पेनाचं स्वतःचं वजन पुरतं, हातानं फक्त दिशा द्यायची. तू पहिल्यापासून दाबून लिहितेस. बारावीच्या तुझ्या वह्या अजून माळ्यावर आहेत. पान उलटून मागून बोट फिरवलं तर आंधळ्याला वाचता येतील. म्हणून शाईपेनाचं तुझ्या डोक्यात आलं हे मला बरं वाटलं. कशामुळे आलं असेल तेही समजलं.

मी इथे कागदावर हिशेब मांडला. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला 20 प्रश्न. दहा 150 शब्दांचे, दहा 250 शब्दांचे. म्हणजे तीन तासांत 4000 शब्द, एका प्रश्नाला नऊ मिनिटं, त्यात विचार करणं आलंच. आणि असे एका दिवसात दोन पेपर. तू मराठीतून लिहिणार, म्हणजे प्रत्येक शब्दावर रेघ वेगळी. एवढं लिहिण्याची सवय व्हावी म्हणून तू रोज किती लिहीत असशील याचा अंदाज केला आणि हिशेब तिथेच थांबवला.

आता तुझी तीन पेनं.

पायलटचं मेट्रोपॉलिटन चांगलं आहे, तक्रार अशी काही नाही. पण त्याची नळी पितळेची, पेन जवळजवळ 26 ग्रॅमचं. दुकानात हातात घेतलं की भारदस्त वाटतं, तिसऱ्या तासाला तेच वजन मोजावं लागतं. धरायची जागा संपते तिथे एक कड आहे, तुझा अंगठा नेमका तिच्यावर येईल. आणखी एक. जपानी फाइन निब युरोपातल्या फाइनपेक्षा बारीक असते. उजव्या हाताचा माणूस निब ओढत नेतो, तुम्ही डावखुरे ती ढकलत नेता. बारीक निब ढकलली की कागदात रुतते. शिरोरेघ तर डावीकडून उजवीकडे, म्हणजे तुझ्यासाठी प्रत्येक शब्दाला एक ढकलणं. ते मला नको वाटतं.

तिरुवळ्ळूरच्या 'रंगा' कंपनीचं एबोनाइट पेन तू का निवडलंस ते मला माहीत आहे. अण्णांच्या पेनावरून. त्यांच्याकडे राजमहेंद्रीचं रत्नम होतं. 1932 साली सुरू झालेला तो कारखाना, स्वदेशीच्या आग्रहातून उभा राहिलेला. अण्णा पेन कुणालाही हात लावू देत नसत, मला दहावी झाल्यावर एकदा दिलं होतं, तेही समोर बसवून. शाई कॅमलचीच. ती बनवणारे दांडेकर गिरगावातले, 1931 साली घोडा छाप शाईची पूड विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली, हे अण्णा पाहुण्यांनाही सांगत, पाहुणे लग्नाची बोलणी करायला आलेले असले तरी. तू चार वर्षांची असताना त्यांच्या मांडीवर बसून डाव्या हाताने ते पेन धरलंस. आजी म्हणाली, "अगं बाई, हा हात नव्हे." अण्णा म्हणाले, "लिहू दे, पेनाला हात कळत नाही." पहिलीत बाई तुझ्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या, तेव्हा शाळेत जाऊन भांडलेही तेच, मी नाही. मी दारात उभा होतो.

कुठून कुठे गेलो. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक. हाताला थंड लागत नाही, घाम आला तरी निसटत नाही, वजनालाही हलकं. मला विचारशील तर तिघांत देखणं तेच. पण ड्रॉपरने शाई भरायचं पेन आहे ते. पोटात तीनेक मिली शाई मावते, आठवडाभर बघायला नको, मात्र शाई निम्म्याखाली गेली की आत हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती फुगते आणि निबवाटे शाईचा थेंब टाकते. दिल्लीच्या उकाड्यात, भरलेल्या उत्तरपत्रिकेवर. घरात लिहायला घे, परीक्षा झाल्यावर घे, मीच घेऊन देईन. आत्ता नको.

राहिलं लॅमी सफारी. 1980 पासून जवळजवळ त्याच रूपात निघतंय, जर्मनीत मुलांच्या हातासाठी म्हणून केलेलं. प्लॅस्टिकचं, टोपणासकट 17 ग्रॅम. टोपण मागे खोचू नकोस, वजन मागे जातं आणि मनगट ते सावरत बसतं. धरायची जागा तिधारी आहे. तू अंगठा बोटांवर चढवून मूठ आवळतेस, ते या पेनात जमणार नाही, सुरुवातीला चिडशील. चिड. निब चिकटपट्टी लावून ओढली की निघते, दुसरी बसवता येते, आणि डावखुऱ्यांसाठी 'एल एच' कोरलेली निब ते स्वतः देतात. ती मिळाली तर तीच घे, नाही तर मीडियम. फाइन घेऊ नकोस, कारण वर सांगितलंच. कार्ट्रिज, म्हणजे शाईची तयार नळी, त्यांचीच लागते, तेव्हा बाटलीतली शाई ओढून घेणारा कन्व्हर्टरही बरोबर घे, नाही तर कार्ट्रिजपायी दर महिन्याला पैसे जातील.

तिधारी पकड मुळीच सोसली नाही तर एवढे पैसे वाया जायला नकोत, म्हणून आधी एक प्लॅटिनम प्रेपी घेऊन शाईपेनाची सवय कर. स्वस्त आहे, टोपणाच्या आत वेगळं झाकण असल्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहिलं तरी वाळत नाही. नोट्स आजपासून शाईने लिही. मुख्य परीक्षेला कुठलं पेन न्यायचं ते दोन टेस्ट पूर्ण तीन तास लिहून बघितल्यावर ठरव. प्रवेशपत्रावरच्या सूचना नीट वाच. पूर्वपरीक्षेला गोळे काळे करायला काळं बॉलपेनच लागतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आता ते काम झालं. आणि काय झालं! निकाल लागला त्या दिवशी मी पोवई नाक्यावर चहा पीत होतो, ओळखीच्या तिघांना सांगितलं, चौथा अनोळखी होता, त्यालाही.

शाईचं थोडक्यात. तुझा हात लिहिलेल्यावरून सरकत जातो, म्हणून लवकर वाळणारी हवी. पेलिकन 4001 कोरडी उतरते, स्वस्त कागदावरही फारशी फुटत नाही. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई पेनात कधीही घालू नकोस, काळीभोर दिसते म्हणून मोह होतो. मोहनकाकाने घातली होती, पेन शेवटी देवळाच्या वर्गणीच्या डब्यात पडलं. पंधरा दिवसांतून एकदा साध्या पाण्याने पेन धू, उकळत्या नाही. आणि झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर नोट्स काढतेस ते बंद कर, शाई पसरते, मग तू पुन्हा गिरवतेस. कागदाला पैसे पाठवतो.

आता मनगट. लिहिणार नव्हतो.

तू ओळीच्या वरून हात वळवून लिहितेस, आकड्यासारखा. शाई पुसू नये म्हणून लहानपणी लागलेली सवय आहे ती. त्यात मनगट सगळा वेळ आत मुडपलेलं राहतं. नवीन पेन घेतलंस आणि हात तसाच ठेवलास तर काही उपयोग नाही. कागद उजवीकडे कलता ठेव, चांगला तिरका, म्हणजे हात ओळीच्या खाली येईल आणि मनगट सरळ राहील. चार दिवस अक्षर घाणेरडं येईल, येऊ दे. आणि नोट्समध्ये शिरोरेघ देऊच नकोस. मोडीतल्या जुन्या नोंदी बघ, कारकून ओळभर रेघ आधीच ओढून घ्यायचे आणि हात न उचलता खाली अक्षरं लिहीत जायचे. प्रत्येक शब्दाला थांबून रेघ कोण देत बसणार? तुझ्या नोट्स तूच वाचणार आहेस. रेघ उत्तरपत्रिकेत दे.

रात्री बोटं बधिर होतात का? खरं सांग. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन करंगळी ठीक असेल, तर ते लचकणं नव्हे, मनगटातली नस दबतेय. अक्काचं असंच होतं. रात्री उठून हात झटकायची, आम्हाला वाटायचं स्वप्न पडलं असेल. वेळेवर दाखवलं असतं तर ऑपरेशन टळलं असतं असं डॉक्टर नंतर म्हणाले. करंगळी बधिर होत असेल तर नस वेगळी, कोपराकडची. मी डॉक्टर नाही. म्हणूनच डॉक्टरकडे जा म्हणतोय. पट्टा कुणी दिला? दुकानदाराने? पट्टा चुकीचा बांधला तर

राहू दे. हे व्याख्यान झालं. तू सव्वीस वर्षांची आहेस, दिल्लीत एकटी राहतेस, माझ्यापेक्षा जास्त वाचलं आहेस आणि मी तुला बोटं मोजून दाखवतोय. माफ कर. आई म्हणते, तुमच्या पत्रांना सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

पण का लपवलंस ते कळलं आहे मला. डॉक्टर म्हणाले "पंधरा दिवस लिहू नका" तर काय, या भीतीने तू जात नाहीस. मुख्य परीक्षा तोंडावर आहे, लिहिणं थांबवायचं कसं, हे मलाही कळतं. पण आत्ता पंधरा दिवस परवडतील, पेपरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हात थांबला तर ते परवडणार नाही. लिहायचं थांबलं तरी वाचता येतं, बोलून मुद्दे पाठ करता येतात, मोबाइलवर आवाज नोंदवता येतो. फोनवर तू प्रश्न विचार, मी उत्तरं देतो, म्हणजे तुला हसायला तरी होईल. आणि समजा यावेळी नाही झालं तर

तेही राहू दे. होईल.

लॅमीसाठी पैसे आजच पाठवतो. शाईची बाटली मी इथूनच आणली आहे, प्रसादचा मित्र शुक्रवारी गोवा एक्स्प्रेसने निघतोय, त्याच्याबरोबर देतो. टोपणाला टेप लावली आहे, तरी पिशवी उघडताना जपून. आई बेसनाचे लाडू देणार होती, आता मेथीचेही देतेय, सांध्यांना चांगले म्हणून. मी तिला पट्ट्याचं सांगितलेलं नाही. तिने प्रसादला विचारून घेतलंय हे मला आज सकाळी कळलं.

तुझा,
आप्पा

ता. क. हाडांच्या डॉक्टरकडे जा, साध्या नको. नाव तूच शोध, मला फक्त वार कळव. आणि या पत्राचं उत्तर हाताने लिहू नकोस. फोन कर.