फ्रीजवरची बाटली

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू नवीन टाइल्स दाखवत होतीस, तेव्हा फ्रीजच्या डोक्यावर कॉर्नफ्लेक्सच्या डब्यामागं तुझ्या चिऊच्या जन्मसालाची ती वाइनची बाटली दिसली. मी गप्प बसले, कारण जावईबापू शेजारीच होते आणि येत्या दिवाळीला ती उघडायची म्हणून खुशीत होते. पण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

बबडे, ती बाटली आधी खाली काढ. फ्रीजच्या डोक्यावर गरम हवा आणि मोटरची थरथर, दोन्ही आहे. त्यात पर्थचा उन्हाळा चाळिशी गाठतो. लोणच्याची बरणी तरी तिथं ठेवशील का?

मागच्या मार्चमध्ये तुम्ही आम्हाला मार्गारेट रिव्हरला, कलनांच्या वाइनच्या द्राक्षबागेत नेलंत, ते मी अजून विसरले नाही. पर्थपासून पावणेतीनशे किलोमीटर, आणि नानांनी पूर्ण रस्ता 'द्राक्षाची बाग बघायला द्राक्षवाल्यांना कशाला नेता' म्हणून कुरकुर केली. उतरल्यावर मात्र तेच सगळ्यांच्या पुढं. खाली वाकून माती उचलली, चोळली आणि म्हणाले, "अगं, हे तर जांभ्याचे खडे!" खरंच लाल-तपकिरी, लोखंडाचा गंज चढल्यासारखी खडी. रत्नागिरीला तुझ्या मावशीच्या अंगणात असते तशी. आपल्या निफाडच्या काळ्या मातीत पाऊस पडला की चप्पल रुतून बसते, तिथं पाणी थांबतच नाही. त्यात १९७१ सालच्या वेली, त्याही ठिबकाशिवाय. पश्चिम ऑस्ट्रेलियात फिलॉक्सेरा ही वेलीची मुळं खाणारी कीड अजून पोचलेली नाही, म्हणून जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या. आपल्याला मात्र खारट पाणी आणि दुष्काळापायी डॉगरिज या रानद्राक्षाच्या खुंटावर कलम केल्याशिवाय भागत नाही.

मग नानांनी एक मणी तोडला आणि खिशातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. तू किती लाजलीस! मी मात्र मण्याकडं बघत होते. मोठ्या वाटाण्याएवढा मणी, निम्मा बियांनी भरलेला आणि साल जाड. आपल्याकडं असला घड आला असता तर मी रडले असते.

तुला आठवतं की नाही कोण जाणे, तू दहावीत होतीस तेव्हाची जानेवारी. पारा असा उतरला की पानावरचं दव गोठलं. पहाटे तीनला नाना बागेला पाणी सोडत होते आणि मी ओळींच्या मधे पाचट पेटवून धूर करत होते. बाग वाचली, पण फुगवण थांबली ती थांबलीच. मणी चौदा मिलिमीटरवर अडले. एक्स्पोर्टवाला आला, दोन घड हातात घेऊन बघितले आणि गाडी न भरताच गेला. त्या वर्षी तुझ्या क्लासची फी मी पाटल्या मोडून भरली. तेव्हापासून थंडी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं '२०१७ हे आमचं थंड वर्ष होतं' असं हसून सांगितलं, तेव्हा मला ती वेडी वाटली. उन्हाळा गार गेला, काढणी लांबली, आणि ही कौतुकानं सांगते! तू मराठीत सांगत गेलीस तेव्हा उलगडलं. त्यांना फुगवण नकोच आहे. मणी लहान, तेवढी रसाच्या मानानं साल जास्त, आणि रंग सालीतच असतो, तुरटपणाही बराचसा सालीतच. गारव्यात साखर सावकाश चढते आणि आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडं मार्चच्या उन्हात मण्यात पाणी उतरलं की बघता बघता साखर चढते आणि आंबटपणा पळून जातो. खायच्या द्राक्षाला ते चालतं, वीस वर्षं ठेवायच्या वाइनला नाही. अर्थात गारवा फार झाला तर कॅबर्ने या त्यांच्या काळ्या द्राक्षाला कच्च्या ढोबळी मिरचीचा वास राहतो, हेही तिनंच सांगितलं. मधला धागा पकडायचा असतो. थंडीशी त्यांचाही जुगार आहेच, फक्त डाव वेगळा.

मला तिथलं सगळ्यात आवडलं ते डॉक्टरांचं वेड. जॉन ग्लॅडस्टोन्स नावाच्या शेतीतज्ज्ञानं साठच्या दशकात लिहिलं की या गुराढोरांच्या मुलखाचं हवामान फ्रान्समधल्या बोर्दोशी जुळतं, आणि दवाखाने सांभाळून डॉक्टर लोक वेली लावायला लागले. टॉम कलिटी यांनी १९६७ मध्ये व्हास फेलिक्सची बाग लावली. पाखरं द्राक्षं खातात म्हणून त्यांनी बहिरी ससाणा आणवला. पहिल्यांदा सोडला आणि तो गेला तो गेलाच, आता फक्त त्यांच्या लेबलवर आहे. नाना दिवसभर हसत होते. आणि ती पाखरं कोणती, तर आपल्या चष्मेवाल्याच्या जातीतलीच, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेली. मारी नावाच्या तिथल्या झाडांना फुलोरा भरपूर आला की ती मधावर राहतात, नाही आला की बागेत घुसतात. त्यामुळं तिथला शेतकरी द्राक्षाआधी मारीचा फुलोरा बघतो.

कलन कुटुंबाचंही तसंच. केव्हिन डॉक्टर, डायना फिजिओथेरपिस्ट. दोघांनी त्याच भागातल्या विल्याब्रपला ही बाग लावली, पुढं वाइन डायना स्वतः करायला लागली, आणि १९८९ पासून लेक व्हान्या करते. आपल्या बाटलीतल्या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष कॅबर्ने सॉव्हिन्यॉं, जोडीला मर्लो, कॅबर्ने फ्रँ, माल्बेक, पेटी व्हर्दो, प्रमाण वर्षागणिक बदलतं. २००१ च्या हंगामापासून लेकीनं त्या वाइनला आईचं नाव दिलं, डायना मॅडलिन. हे ऐकून तू माझ्याकडं बघितलंस आणि मी दुसरीकडं बघितलं. आपल्या बागेला तू माझं नाव द्यावंस असं मी मुळीच म्हणत नाही. सातबारा नीट झाला तरी पुष्कळ.

चिऊच्या जन्मसालाची, २०१७ ची, म्हणून तुम्ही दोन बाटल्या घेतल्या होत्या, त्यातली एक त्या संध्याकाळी उघडली. नाना माळकरी, त्यांनी नुसता वास घेतला आणि 'तेजपान' म्हणाले. मी घोटभर घेतली. (गावात कुणाला सांगू नकोस.) आधी जांभूळ, आणि मग जांभळानं धरते तशी जीभ धरली, दातांच्या मुळाशी साय बसल्यासारखी. मला काही फार आवडली नाही. तूच म्हणालीस की अजून लहान आहे, हा तुरटपणा बसायला दहा-पंधरा वर्षं लागतात. मग आता दिवाळीची घाई कशाला? शंभराहून जास्त डॉलरची वस्तू. चिऊ २०३५ मध्ये अठराची होईल, तोवर राहू दे.

बारा ते पंधरा अंश, अंधार, हालचाल नाही. बूच नाही, फिरकीचं झाकण आहे, त्यामुळं आडवी ठेवलीच पाहिजे असं नाही. छोटा वाइन फ्रीज घ्या, नाहीतर तुमच्याकडं भाड्यानं जागा मिळते म्हणालीस तिथं ठेवा. पैसे जास्त वाटले तर माझ्या भिशीतले पाठवते. दिवाळीला जावईबापूंना दुसरी कुठली तरी आणून दे, त्यांना फरक कळणार नाही. हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस.

इकडं छाटणी संपली, डोळे फुटायला लागलेत. नानांचा गुडघा तसाच आहे.

बाटली खाली काढलीस की फोटो पाठव.

तुझी,
आई