गिरणीची जमीन मुंबईत, मग घर शेलूला का?

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझ्या आईचा उजवा हात मनगटात मोडला. ती 76 वर्षांची आहे. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांना सोडतीने घरं मिळतात, त्या घरासाठी कागदपत्रं तपासायला तिला बोलावलं होतं, तिसऱ्यांदा. बदलापूरहून निघालो, डब्यात पाय टेकायला जागा नव्हती, आणि उतरताना मागून आलेल्या रेट्यात ती फलाटावर पडली. ओढणीने हात बांधून आम्ही तसेच कार्यालयात गेलो, कारण तारीख चुकली तर पुन्हा कधी बोलावतील याचा भरवसा नाही. खिडकीवरच्या माणसाने कागद चाळले आणि म्हणाला, "आजी, मुंबईतल्या घराची आशा सोडा. शेलूला मिळतंय ते घेऊन टाका."

आईने विचारलं, "शेलू कुठं आलं?"

साहेब, बदलापूरच्या पुढे वांगणी आणि वांगणीच्या पुढे शेलू. सीएसएमटीपासून 80 किलोमीटरच्या आसपास. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पुराच्या पाण्यात अडकली, ती याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. नौदल आणि एनडीआरएफ आले तेव्हा माणसं बाहेर निघाली. कर्जतहून येणारी लोकल चुकली तर पुढची कितीतरी वेळाने. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने या शेलू-वांगणीत 81,000 घरं ठरवली. कामगाराने भरायचे साडेनऊ लाख. 2020 च्या सोडतीत वडाळ्याच्या घरालाही साडेनऊ लाखच होते. वडाळा आणि शेलू एकाच भावात कसे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी पहिलीत होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप आजवर कुणी रीतसर मागे घेतलेला नाही, पण गिरण्या एकेक करून बंद झाल्या. वडिलांनी इमारतींवर रखवालदारी केली, आईने पंधरा-वीस माणसांचे डबे केले. पुढे वडिलांच्या आजारपणात लालबागची खोली गेली आणि आम्ही बदलापूरला आलो. वडील 2009 ला वारले. घराचा अर्ज आईने भरला. तो भरताना ती स्वतः जिने चढून गेली होती, आता तिला दोन पायऱ्यांनाही आधार लागतो.

मी परळच्या एका रुग्णालयात आया आहे. पहाटे पावणेपाचला घर सोडते. जाऊन-येऊन चार तास गाडीत, तेही उभ्याने. माझा मुलगा लहान होता तेव्हा तो मला जागा दिसायचा तो रविवारी. कर्जतच्या गाडीत वांगणी-नेरळच्या बायका आधीच दाटून उभ्या असतात. बदलापूरला आम्ही चढतो तेव्हा त्या आम्हाला शिव्या देतात. अंबरनाथला चढणाऱ्यांना आम्ही देतो. सगळ्या दुसऱ्याच्या घरी, दुकानात, दवाखान्यात राबायला निघालेल्या, आणि हे भांडण आमच्यात लागलेलं. परळला उतरल्यावर पूर्वी बेस्टचं तिकीट 5 रुपये होतं. 9 मे 2025 पासून किमान भाडं 10 झालं. महिन्याचा हिशेब केला आणि चालायला लागले. गुडघ्यांचं काय झालं ते लिहीत नाही.

या शहराने आमची जमीन घेतली हो. मुंबईच्या बांधकामाच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम 58 होतं. गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा बाग-मैदानांसाठी, एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 ला त्यात बदल केला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली, म्हणजे जिच्यावर गिरणी उभी होती ती वाटणीतून सुटली. 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उठले, हजारो नोकरदार रोज तिथे यायला लागले, आणि स्टेशनाचा पूल तोच अरुंद राहिला. 29 सप्टेंबर 2017 ला त्या एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनाच्या पुलावर 23 माणसं चेंगरून मेली. मी त्या सकाळी कामावर होते. पाऊस आला म्हणून पुलावर गर्दी झाली, असं नंतर सांगितलं गेलं. ती माणसं पावसाने मेली असं म्हणू नका. जमीन कुणाला द्यायची आणि तिथे माणसं पोहोचणार कशी, याचा विचार कधी एकत्र झालाच नाही. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. रेल्वे केंद्राची, घरं राज्याची, बस पालिकेची, असं प्रत्येक जण सांगतो. मग माझ्या आईचा हात कुणाचा?

पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आहेत. घरं सोडतीत निघाली 16,000 च्या आत. अर्जदार म्हातारे आहेत, आणि दर वर्षी त्यातले काही जातात.

9 जुलै 2025 ला आझाद मैदानावर गिरणी कामगारांचा मोर्चा निघाला, मी रजा टाकून गेले होते. शेलूचं घर नाकारलं तर हक्क जाईल, हे कलम काढू असं तेव्हा सरकारने सांगितलं. मग खिडकीवर अजून "घेऊन टाका" का ऐकू येतं? आईने नकार दिला तर तिचं नाव यादीत राहील, हे मला कागदावर लिहून द्या. गिरण्यांची आणि सरकारची जी जमीन मुंबईत अजून शिल्लक आहे तिचा तक्ता जाहीर करा, तिथे पहिला हक्क आमचा आहे. ज्यांना शेलू चालेल त्यांना जरूर द्या, पण आधी बदलापूरपलीकडे जे नवे रेल्वेमार्ग व्हायचे आहेत त्यांच्यावर गाडी धावू द्या, आधी तिथे दवाखाना उभा करा. आणि कागदपत्रं तपासायला सत्तरीपुढच्या माणसांना मुंबईला बोलावू नका. एक कर्मचारी बदलापूरला पाठवा.

आईचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघेल. पुढच्या तारखेला तिला अंगठा द्यायचा आहे, उजव्याच हाताचा.

आपली,
एका गिरणी कामगाराची मुलगी, बदलापूर